तोंडाला वास येतो, हे सांगणार कोण?

मी दातांची डॉक्टर आहे, इंदूरला माझा दवाखाना आहे. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी आमच्या घराची तीन पिढ्यांची रीत. पण आजचा विषय असा आहे, की त्यावर लोक दोन्ही भाषांत सारखेच गप्प बसतात. तोंडाला सतत येणारा वास.

सुरुवात माझ्याच घरापासून करते. बाबा निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या तोंडाला वास यायला लागला. मला जाणवायचा, आईला जाणवायचा. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. आजोबांनी जवळ घेतलं की तो मान फिरवायचा. बाबांना वाटायचं, नातू मोठा झाला, आता लाजतो. मी दिवसभर परक्या माणसांची तोंडं तपासायची, आणि घरी आल्यावर वडिलांपुढे नुसता बडीशेपेचा डबा सरकवायची. बोलायचा धीरच होत नव्हता.

दोन वर्षांनी त्यांचा खालचा दात हलायला लागला, तेव्हा ते माझ्या खुर्चीत बसले. हिरड्या सुजलेल्या, दातांच्या मुळाशी कीटणाचे थर, जरा धक्का लागला की रक्त. हिरड्या इतक्या बिघडलेल्या पाहून मी रक्तातली साखर तपासायला सांगितली. मधुमेह निघाला. चार दात काढावे लागले. मी वेळेवर तोंड उघडलं असतं, तर त्यातले काही वाचले असते.

म्हणून आज स्पष्ट बोलते.

पहिली गोष्ट, ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला तो बहुतेक वेळा कळत नाही. नाक स्वतःच्या वासाला सरावतं. ओंजळीत फुंकर मारून नीट समजत नाही. त्यापेक्षा एक चमचा घ्या, जिभेच्या मागच्या भागावर हलकेच उलटा फिरवा, आणि त्यावर आलेला थर थोडा सुकला की हुंगून बघा. किंवा दाढांच्या फटीतून दोरा, म्हणजे फ्लॉस, फिरवा आणि त्याचा वास घ्या. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे घरातल्या विश्वासाच्या माणसाला विचारणं.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे लगेच म्हणतात, "पोट साफ होत नसेल." मग चूर्ण सुरू होतं. पण दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत कारण तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या बाजूला, दातांच्या फटींत आणि सुजलेल्या हिरड्यांच्या कप्प्यांत जिथे हवा पोचत नाही, तिथे जिवाणू वाढतात. अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी यांतली प्रथिनं ते कुजवतात. त्यातून गंधकाचे वायू निघतात. सडक्या अंड्याचा वास ज्याचा, तो हायड्रोजन सल्फाइड त्यातलाच एक.

लाळ ही तोंडाची धुलाई. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. तो दात घासल्यावर, चार घास खाल्ल्यावर जातो. त्याची काळजी नको. पण दिवसभर तोंड कोरडं राहत असेल, तर बघायला हवं. तोंडाने श्वास घेणं, घोरणं, पाणी कमी पिणं, तंबाखू. शिवाय ॲलर्जी, रक्तदाब किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. अशा गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आता उपाय, क्रमाने. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासा. यातली रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची. दातांमधल्या फटी रोज साफ करा, ब्रश तिथे पोचत नाही. जिभेवर टंग क्लीनर मागून पुढे, हलक्या हाताने फिरवा. रक्त येईपर्यंत खरवडायचं नाही. कवळी असेल तर झोपताना काढा, घासा आणि पाण्यात ठेवा. मिश्री, गुटखा, तंबाखू, सुपारी सोडा. मिश्रीने दात स्वच्छ होतात हा गैरसमज आहे; ती भाजलेली तंबाखूच आहे.

दात घासताना रक्त येत असेल तर "उष्णता झाली" म्हणून सोडून देऊ नका. हिरड्यांचा आजार सहसा दुखत नाही, तो रक्त आणि वास यांतूनच बोलतो. दातांच्या डॉक्टरांकडून कीटण काढून घ्या. त्याने दात हलायला लागतात, अशी भीती अनेकांना वाटते. खरं तर दात आधीच ढिले झालेले असतात, कीटणाने ते धरून ठेवलेले वाटतात. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं.

लवंग, वेलची, बडीशेप, माउथवॉश यांनी वास थोडा वेळ झाकला जातो. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टर ठरावीक दिवसांसाठी देतात. ते महिनोन्‌महिने वापरलं तर दातांवर डाग पडतात.

तोंड स्वच्छ असूनही वास जात नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. टॉन्सिलमध्ये अडकलेले पांढरे खडे किंवा सायनसचा त्रासही कारण असतो. आणि मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, सोबत उलट्या किंवा धाप असेल, तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

काहींना वास नसतोच, पण भीती असते. लोक नाकाला हात लावतात ते आपल्यामुळेच, असं वाटून ते बोलणं टाळतात. तपासणीत काही निघालं नाही, तर त्या भीतीवरही उपचार होतात. त्यात कमीपणा नाही.

शेवटी, सांगायचं कसं? चारचौघांत नाही, थट्टेत तर नाहीच. एकट्याला गाठा आणि म्हणा, "तुमच्या तोंडाला हल्ली वास येतो, हिरड्यांचं काही असेल, चला, दाखवून येऊ." बरोबर जायची तयारी ठेवा.

बाबांना मी नंतर सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "अगं, मग बोलायचंस की. राग आला असता, तर दोन दिवस राहिला असता. दात तर राहिले असते!"