मोजणी कोणाची, झाडलोट कोणाची?



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या विषयाला हात का घालावा, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. पण मोजणी आणि झाडलोट ही दोन्ही कामे आम्ही कारखान्याच्या फाटकापासून ओळखतो, आणि आजचा विषय त्याच दोन कामांचा आहे.

इंटरनेटची पाने ज्या प्रोग्रॅममधून आपण पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. त्याला वरून जोडावयाचे छोटे प्रोग्रॅम मिळतात, ती एक्स्टेन्शने. एखादे जाहिराती अडविते, एखादे अवघड शब्दाचा अर्थ दाखविते. बहुतेक फुकट असतात. मात्र यांतील पुष्कळांना बसविताना आपण एक परवानगी देतो: प्रत्येक संकेतस्थळावरचा आपला मजकूर वाचण्याची व बदलण्याची. सुतार फळी ठोकून निघून जातो. हा पाहुणा सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या घेऊन घरातच राहतो.

आता मोजणी. आपली वस्तू लोक कशी वापरतात हे कळावे म्हणून एक्स्टेन्शन करणारा आत मोजणीचा कोड घालतो. अमुक बटण दाबले की दूरच्या संगणकाला निरोप जातो. हेतू पुष्कळदा प्रामाणिक असतो. पण १९११ सालच्या ऑगस्टात अमेरिकेतील वॉटरटाउन येथल्या सरकारी शस्त्रशाळेत काय झाले, ते आम्हांस आठवते. टेलरसाहेबांच्या पद्धतीप्रमाणे साचेकामगारांच्या मागे घड्याळ घेऊन माणूस उभा करण्यात आला. एकाने वेळ मोजू देण्यास नकार दिला, आणि साचेकामगार बाहेर पडले. चौकशी झाली, आणि पुढे तेथील लोकसभेने सरकारी कारखान्यांत त्या घड्याळासाठी पैसा खर्चण्यास बंदी घातली. त्या कामगारांना घड्याळ दिसत तरी होते. एक्स्टेन्शनमधले घड्याळ वापरणाऱ्यास दिसत नाही.

या मोजणीचीही निगा राखावी लागते, आणि ती बहुधा कोणी राखीत नाही. गूगलची युनिव्हर्सल अॅनालिटिक्स ही जुनी मोजणी-व्यवस्था १ जुलै २०२३ पासून सर्वसाधारण खात्यांची नवी माहिती घेईनाशी झाली. ज्यांनी आपला कोड झाडला नाही, त्यांची एक्स्टेन्शने बंद कचेरीच्या दारातून पत्रे टाकीत राहिली. दुसरा बदल क्रोमने केला. पूर्वी एक्स्टेन्शन चालू असताना बाहेरून कोड मागवून चालविता येत असे. मोजणीचा कोडही असाच येई. मॅनिफेस्ट व्ही-३ या नव्या नियमांनी ते बंद केले. जो कोड तपासणीस दिला तोच चालला पाहिजे. हा नियम आम्हांस पटतो. मस्टर एक दाखवावयाचे आणि पगार दुसऱ्यावर काढावयाचा, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

झाडलोट करणाऱ्याने प्रथम पाहावे की निरोप कोठून कोठून निघतात. पाच फायलींत विखुरलेले असतील तर ते एका जागी आणावेत, म्हणजे बंद करावयाचे झाले तर एकच कळ दाबावी लागेल. मग प्रत्येक आकड्याला विचारावे, तुला कोण वाचतो? कोणी वाचीत नसेल तर तो आकडा काढावा, आणि त्याच्यापायी मागितलेली परवानगीही परत करावी. हे शेवटचे पुष्कळजण विसरतात.

परंतु येथे एक पेच आहे. कोणता कोड मेला आणि कोणता जिवंत, हे ठरविण्यासच मोजणी लागते. आकडा सांगतो की अमुक सोय शंभरांत एकच माणूस वापरतो. ती काढावी काय? तो एक माणूस अंध असेल, माउसऐवजी कळफलकावर सारे काम करीत असेल. युनियनमध्ये आम्ही बहुमताने ठराव करतो. पण बॉयलरवर दोनच माणसे आहेत म्हणून त्यांचा संरक्षक चष्मा रद्द करावा, असा ठराव आम्ही मांडू देणार नाही.

आणि हे झाडणाऱ्याला देतो कोण? बहुधा कोणीच नाही. द ग्रेट सस्पेंडर नावाचे एक एक्स्टेन्शन होते. न वापरलेली पाने निजवून ते संगणकाची स्मृती वाचवी. वीस लाखांहून अधिक लोक ते वापरीत. कोड सर्वांस खुला होता. २०२० साली सांभाळणाऱ्याने ते विकले. घेणारा कोण हे उघड झाले नाही. पुढे दुकानात ठेवलेली आवृत्ती आणि लोकांस दाखविलेला कोड यांत फरक आढळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले, आणि अनेकांची निजविलेली पाने त्याबरोबर गेली. गिरणी विकली तर फाटकावर निदान नोटीस लागते. येथे वीस लाख माणसे, त्यांच्या किल्ल्यांसकट, एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि त्यांना कोणी विचारले नाही. सांभाळणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. वर्षानुवर्षे फुकट राबणाऱ्याने एक दिवस खाली बसावे, यात नवल कसले?

कोड खुला होता म्हणून काहींनी जुना चांगला भाग उचलला, त्यातली मोजणी काढून टाकली आणि तेच काम नव्या नावाने चालू केले. आपल्या घरी संगणक असेल तर आज रात्री एक्स्टेन्शनांची यादी उघडून पाहा. प्रत्येकाच्या तपशिलात परवानग्या लिहिलेल्या असतात. जे कशासाठी बसविले हे आठवत नाही, ते काढा. जे रोज उपयोगी पडते, त्याला सांभाळणारा कोण आणि तो वर्गणी स्वीकारतो काय, ते शोधा. पुष्कळजण स्वीकारतात.