दुसऱ्या महिन्याची गोळी



अध्यक्षीय भाषणात नव्या औषधांचा आढावा घ्यायची प्रथा आहे. आज मी ती बाजूला ठेवतो. उच्च रक्तदाबाच्या बाबतीत आपल्याकडे ज्ञानाची टंचाई नाही आणि औषधांचीही नाही. आपण हरतो ते दुसऱ्या महिन्यात. पहिल्या चिठ्ठीवरच्या गोळ्या संपतात, रुग्ण परत येत नाही आणि तो आला नाही हे आपल्या लक्षातही येत नाही.

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० भरला होता. एवढ्या बलाढ्य देशाच्या प्रमुखाला द्यायला वैद्यकाकडे धड औषध नव्हतं. पुढे १९४९मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावर सर्पगंधेची मुळी वापरल्याचे आपले अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. आज अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही तिन्ही औषधं स्वस्त आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९मध्ये जगातल्या सुमारे १२८ कोटी बाधित प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपला रक्तदाब वाढल्याचं ठाऊकच नव्हतं आणि तो आटोक्यात होता पाचातल्या एकाचा. औषध सापडलं, पण ते घेणारा माणूस हातचा निसटला.

निसटण्याची सुरुवात मोजण्यापासूनच होते. रुग्ण जिना चढून येतो, बाहेर चहा झालेला असतो, तंबाखूचा बार तोंडात असतो. त्याला स्टुलावर बसवतात, पाय लोंबकळत असतात, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो आणि हवा भरता भरता आपण विचारतो, ‘काय, मुलगा काय करतो हल्ली?’ तो उत्तर देतो आणि त्या बोलण्यानेच आकडा चढतो. पाच मिनिटं शांत बसवणं, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला, मापाचा पट्टा, दोनदा मोजणी, एवढं केलं तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो. एरवी आज वाढलेला आकडा उद्या आपोआप उतरतो आणि ‘डॉक्टरांनी उगाच गोळी दिली’ ही समजूत पक्की होते.

आता उपचारांवरच्या आक्षेपांकडे वळतो. ‘एकदा गोळी लागली की जन्मभराची सवय लागते,’ असं घरोघरी म्हणतात. सवय गोळीची लागत नाही. आजार कायमचा असतो म्हणून गोळी कायमची असते. आकडा नॉर्मल येतो तो गोळी चालू असल्यामुळे, आणि तोच आकडा पाहून ती बंद केली जाते. हे पहिल्याच भेटीत स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. मग आहार-व्यायामाचं काय, असं कोणी विचारेल. ते हवंच, मात्र ‘मीठ कमी करा’ एवढ्याने भागत नाही. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणजे पापड, लोणचं, फरसाण आणि कोकणात सुकी मासळी यांची नावं घेऊन बोलणं. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, हेही सांगणं.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा: म्हातारपणी दाब वाढायचाच, कशाला छेडायचं? ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्णांवरच्या, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या हायवेट चाचणीत उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळलं. अशक्त, चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जपूनच औषध द्यावं लागतं, हे मान्य. पण वयाचं निमित्त करून हात झटकायला आधार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. सर्व रुग्णांना एकाच ठरावीक क्रमाने औषधं द्यावीत, असं म्हटलं की विचारलं जातं, मग डॉक्टरच्या विवेकाचं काय? गरोदर स्त्री, किडनीचा रुग्ण, तरुण वयात अचानक चढलेला दाब इथे विवेक लागतोच. मात्र बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत प्रत्येक डॉक्टरची वेगळी चिठ्ठी म्हणजे औषधसाठ्याचा गोंधळ. कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या संस्थेने सर्व रुग्णांची एकत्र नोंदवही, सोपा उपचारक्रम आणि सहायकांकडून विनाशुल्क तपासणी हे जुळवलं. तिथे २००१मध्ये सुमारे ४४ टक्के रुग्णांचा दाब आटोक्यात होता, २००९मध्ये ८० टक्क्यांचा. श्रीमंत संस्थेला जमलं, आपल्याला कसं जमणार, या शंकेलाही उत्तर आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीला ज्या पाच राज्यांत राबवला, त्यात महाराष्ट्र होता. एकच उपचारक्रम, सरकारी केंद्रात किमान महिन्याच्या गोळ्या, रुग्णाचं कार्ड आणि गैरहजर राहणाऱ्याचा पाठपुरावा हीच त्याचीही रीत.

खाजगी दवाखान्यांतून मात्र ही रीत अजून रुजलेली नाही, आणि आपल्यापैकी बहुतेक जण तिथेच बसतात. म्हणून माझी विनंती आहे: उद्या दवाखान्यात गेल्यावर एक साधी वही घाला. बीपीच्या प्रत्येक रुग्णाचं नाव, आकडा, पुढची तारीख आणि फोन नंबर लिहा. तारीख उलटून आठवडा झाला की फोन करा. तुम्हाला वेळ नसेल तर परिचारिकेला करू द्या, पण फोन झाला पाहिजे.