चार चुडांमधली एक गोळी



देवगड म्हटलं की हापूस आठवतो. पण कातळाच्या उतरणीला, वहाळाकाठच्या मळ्यात आपली भाताची कोपरीही आहेत. तिथे खत फेकलं आणि रात्री आषाढाचा पाऊस कोसळला, की युरिया मेरेवरून वाहत खालच्या कोपऱ्यात जातो. कष्टाचे पैसे असे पाण्यात जाताना पाहवत नाहीत.

यावर कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री पद्धत दिली. भाताच्या तुसाची काळी राख तरव्याच्या वाफ्यात मिसळा. तीतल्या सिलिकानं रोप काटक होतं. लावणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा पाला चिखलात पसरा. मेरेवर त्याची खुंटं लावून ठेवलीत, तर पाला विकत घ्यायलाच नको.

लावणी मात्र सुधारित दोरीवर करा. आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर ठेवलं, की जवळजवळच्या चार चुडांचा चौकोन तयार होतो. चुडात दोन-तीनच रोपं, तीही उथळ. मग त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी बोटांनी चिखलात खोचा, ७ ते १० सेंटिमीटर खोल. गुंठ्याला साधारण ६२५ गोळ्या लागतात. वाकून कंबर भरून येते, हे खरं. पण खत मुळांपाशी राहतं, हळूहळू विरघळतं.

आणि हो, पाणी निसटू नये म्हणून मेरेतली कुर्ल्यांची बिळं लावणीआधीच चिखलानं लिंपून घ्या.