गाण्यातली मुलगी कामगार आहे की नाही?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरातील मांडणी, थोडी संक्षिप्त करून.)



विषय ऐकून काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मी पाहिल्या. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी हे सगळं सोडून कोरियन नाचगाणी कशाला? पण मी ज्या वस्त्यांमध्ये किशोरींचे गट घेते, तिथे गेली काही वर्षं मुलींच्या तोंडी हीच गाणी आहेत. शब्दांचा अर्थ कळत नाही, हात-पाय मात्र तंतोतंत हलतात. ‘बाजारू संस्कृती’ असा शिक्का मारून आपण मोकळ्या झालो, तर मुली आपल्याशी बोलायच्याच थांबतील. म्हणून आधी हे चालतं कसं ते बघू.

दक्षिण कोरियाची लोकसंख्या जेमतेम पाच कोटी, महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. एवढ्या बाजारपेठेत कंपन्यांचं भागणारं नव्हतं. १९९५ साली ली सू-मान यांनी एस. एम. एन्टरटेनमेंट ही कंपनी काढली. लहान वयात मुलं-मुली निवडायची, वर्षानुवर्षं नाच-गाणं शिकवायचं आणि मग गट करून बाजारात आणायचं, ही पद्धत तिथे पक्की झाली. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर सरकारही संस्कृतीकडे निर्यातीचा माल म्हणून पाहू लागलं. १९९९ मध्ये सांस्कृतिक उद्योगांना चालना देणारा कायदाच झाला. पुढे यूट्यूबवर कंपन्यांनी गाणी फुकट दाखवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये साय या गायकाचं ‘गंगनम स्टाइल’ त्याच वर्षी शंभर कोटी वेळा पाहिलं गेलं. यूट्यूबवर तो आकडा गाठणारी ती पहिली चित्रफीत. आपल्या देशात ही लाट सगळ्यात आधी मणिपूरला पोचली होती. तिथे २००० साली एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि रिकाम्या झालेल्या जागेत केबलवरून कोरियन कार्यक्रम शिरले.

आता गाण्याकडे बघा. चार-पाच, कधी नऊ मुली. प्रत्येकीच्या वाट्याला काही सेकंद. कपडे आणि देखावे सारखे बदलतात, त्यामुळे नजर हलत नाही. धृपदाला हाताची किंवा बोटांची एखादी खूण असते, तिला तिकडे ‘पॉइंट’ म्हणतात. ती इतकी सोपी असते की सहावीतली पोरगीही दोनदा पाहून करते. वंडर गर्ल्स या गटाचं ‘नोबडी’ आठवा. टाळ्या आणि रोखलेलं बोट, एवढ्यावर ते गाणं २००९ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या शंभरात गेलं. शिवाय एकच गाणं दोन-तीनदा बाहेर येतं. एकदा सगळ्या थाटामाटात, मग पुन्हा साध्या खोलीत, स्थिर कॅमेऱ्यासमोर फक्त नाच. हे दुसरं रूप नक्कल करणाऱ्यांसाठीच असतं. ब्लॅकपिंकचं ‘हाऊ यू लाइक दॅट’ जून २०२० मध्ये पहिल्या चोवीस तासांत आठ कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलं. त्याच्या नुसत्या नाचाच्या चित्रफितीनेही पुढे शंभर कोटी ओलांडले. भाषांतरं चाहत्या करतात, आकडा वाढावा म्हणून रात्रभर गाणं चालू ठेवतात, तेही फुकट. बायकांचे बिनमोल श्रम म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण मुलींना यात काय दिसतं? मी विचारलं तर एक जण म्हणाली, “ताई, त्या सगळ्या एकत्र असतात ना.” खरंच, पडद्यावर सासर नाही, भाऊ नाही, राखण नाही. मुली मिळून अख्खी जागा व्यापतात आणि थेट कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवतात. हे आकर्षण मला खोटं वाटत नाही. खोटी आहे ती सगळ्यांची एकसारखी कंबर आणि एकसारखा गोरा रंग. आणि त्यामागे श्रम आहेत, जे पडद्यावर मुद्दाम लपवलेले असतात. ट्वाइस गटातली जिह्यो दहा वर्षं नुसतं प्रशिक्षण घेत होती. २००९ मध्ये एका गाजलेल्या गटातले तिघे तरुण तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले. त्याच वर्षी सरकारी व्यापार आयोगाने नमुना करार केला, त्यात मुदत सात वर्षांवर आली.

करार आखडला, तरी मालकीची भावना गेली नाही. मार्च २०१८ मध्ये रेड व्हेल्वेट गटातल्या आयरीनने सहज सांगितलं की तिने ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ ही कादंबरी वाचली. चो नाम-जू यांची ही कादंबरी म्हणजे एका साध्या गृहिणीची कहाणी. तेवढ्यावर काही पुरुष चाहत्यांनी तिचे फोटो फाडले, जाळले. बाहुलीने पुस्तक वाचायचं नसतं!

आणि हन्नी. न्यूजीन्स गटातली, तेव्हा वीस वर्षांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती कोरियाच्या राष्ट्रीय सभेत कामगार समितीपुढे बसली आणि कंपनीत आपल्याला कसं वागवलं जातं ते रडत सांगितलं. पुढच्याच महिन्यात कामगार खात्याने उत्तर दिलं: ती कायद्याने कामगार नाही. ठरलेल्या वेळा नाहीत, पगार नाही, म्हणून कामाच्या ठिकाणच्या छळाचं कलम तिला लागू नाही. आपल्या आशा ताईंना ‘स्वयंसेविका’ म्हणून काय काय नाकारलं जातं ते आठवलं की हे उत्तर फार ओळखीचं वाटतं. कोट्यवधींनी पाहिलेली मुलगी आणि गावात वही घेऊन फिरणारी बाई, दोघींचं काम सगळ्यांना दिसतं, फक्त कायद्याला दिसत नाही.

तरी कंपन्यांच्या हिशोबात नसलेली एक गोष्ट घडली. २०१६ च्या उन्हाळ्यात सोलच्या इव्हा महिला विद्यापीठात आंदोलक विद्यार्थिनींना पोलिसांनी वेढलं, तेव्हा हातात हात गुंफून त्यांनी गर्ल्स जनरेशनचं २००७ सालचं ‘इंटू द न्यू वर्ल्ड’ म्हटलं. ३ डिसेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष यून यांनी लष्करी कायदा पुकारला. लिंगसमानता मंत्रालय बंद करण्याचं आश्वासन देऊन २०२२ मध्ये निवडून आले होते, तेच हे. राष्ट्रीय सभेने काही तासांतच तो कायदा फेटाळला, पण माणसं थंडीत रस्त्यावर येत राहिली आणि त्यांत तरुण मुली फार मोठ्या संख्येने होत्या. मेणबत्त्यांऐवजी त्यांच्या हातात गाण्याच्या कार्यक्रमात हलवायचे दिवे होते. जमावाने एका तालात घोषणा कशा द्यायच्या, हे त्यांना कार्यक्रमांत शिकूनच झालेलं होतं. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने यून यांना पदावरून दूर केलं.

हन्नीच्या प्रश्नाचा निकाल मात्र तिथेच अडला आहे. किशोरींच्या गटात मी आता नाच झाला की मुलींना बसवते आणि विचारते, या गाण्याचे पैसे कुणाकुणाला मिळाले असतील? पहिल्या वेळी दिग्दर्शक, कंपनी, यूट्यूब अशी नावं आली; नाचणारीचं नाव पाचवं आलं. तुमच्याकडे हा प्रश्न विचारला तर काय उत्तरं येतील, त्यावर आता बोलूया.