बंदराला बोट लागते, माणूस लागत नाही



मला कविता वाचायला बोलावलं होतं. कविता आणली नाही. फिलिपिन्सचे जे कामगार परमुलखात मासेमारीच्या बोटींवर राबतात, त्यांच्यावर बोलणार आहे. आकडे चुकू नयेत म्हणून कागदावर लिहून आणलंय. मी मॅट्रिक झालेला, गोदीत माल उतरवणारा माणूस. पण बोटीवर बोलायला डिग्री लागत नाही.

फिलिपिनो म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गोदीतला खलाशी येतो. मालवाहू जहाजावरून खाली उतरून सिमकार्ड कुठे मिळेल विचारणारा. त्यालाही त्रास आहेच. पण त्याच्या पाठीशी एक आंतरराष्ट्रीय करार आहे. २००६ साली झाला, २०१३ पासून लागू. पगार, कामाचे तास, घरी परत पाठवायचा खर्च, सगळं त्यात लिहिलंय. त्याच करारात असंही लिहिलंय की मासेमारीच्या बोटींना हे लागू नाही. म्हणजे समुद्र तोच, माणसं एकाच गावची. एकाच्या बोटीत कंटेनर म्हणून तो कामगार. दुसऱ्याच्या बोटीत टुना मासा, तर तो कोण? मच्छीमारांसाठी वेगळा करार २००७ साली केला, १८८ नंबरचा. तो अमलात यायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. दहा देशांच्या मंजुऱ्या गोळा करायला दहा वर्षं लागली राव!

आता हा माणूस घर सोडून जातो कशाला? फिलिपिन्स हा सात हजारांवर बेटांचा देश. जिकडे बघाल तिकडे पाणी आणि पाण्यात मासा. आणि त्यांच्याच सरकारचा २०२१ चा हिशेब सांगतो की मच्छीमारांतले ३०.६ टक्के लोक गरीब. सगळ्या देशाचं प्रमाण १८.१. ज्याच्या दारात समुद्र, त्याच्याच ताटात काही नाही. किनाऱ्यापासून १५ किलोमीटर पाणी छोट्या मच्छीमारांसाठी राखलेलं, १९९८ चा कायदा आहे तसा. पण मोठ्या बोटी रात्री आत घुसतात आणि साफ करून जातात. मग उरतो दलाल.

सरकारही दलालाच्या मागे उभं. मार्कोसने १९७४ साली कामगार कायदा केला आणि माणसं बाहेर पाठवणं हे सरकारी धोरणच झालं. पुढे १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी या परदेशी राबणाऱ्यांना 'नवे वीर' म्हटलं. त्यांच्या भाषेत 'बागोंग बायानी'. गोड नाव द्यायचं आणि ताट रिकामं ठेवायचं, ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्यालाही एकदा देवाची माणसं म्हणून झालंय.

दलाल आधी फी घेतो. नाही दिली तर कर्जात मांडतो. सही एका कागदावर, पगार दुसऱ्याच कागदाप्रमाणे. आपल्या गोदीत पूर्वी टोळीवाला असायचा, माणसं पुरवणारा आणि त्यांच्या मजुरीत हिस्सा मारणारा. १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला तेव्हा कुठे त्याच्या नाकात वेसण पडली. आता कंत्राटदाराच्या रूपाने तो परत आलाय, ते आपण रोज बघतो, त्यावर वेगळं बोलू. पण निदान आपला टोळीवाला गेटावर उभा असायचा. शिवी तरी देता यायची. यांचा मनिलात बसतो, नाहीतर सिंगापुरात.

तैवानकडे चला. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या ताफ्यांत तैवानचा नंबर लागतो. राबणारे बहुतेक इंडोनेशियाचे आणि फिलिपिन्सचे. किनाऱ्याजवळच्या बोटीवर घेतलेला परदेशी कामगार तिथल्या कामगार कायद्यात बसतो. देशाबाहेरून भरती करून दूर समुद्रातल्या बोटीवर चढवलेला बसत नाही. त्याचा कारभार मासेमारी खात्याकडे! माशांचा हिशेब ठेवणारं खातंच या माणसांचाही हिशेब ठेवतं. त्यांचा किमान पगार २०१७ साली महिन्याला ४५० अमेरिकी डॉलर ठरवला. २०२२ मध्ये ५५० केला. त्या वर्षी तैवानच्या जमिनीवरचं किमान वेतन अमेरिकी आठशेच्या वर होतं. झेंडा एकच, मालकही एकच असेल. फरक फक्त पाय कुठे आहेत याचा.

काम कसं असतं? लाँगलाइन म्हणजे मैलोन्मैल लांब दोरी, तिला हजारो गळ. टाकायला तास जातात, ओढायला त्याहून जास्त. झोप मधल्या फटीत. बोट महिनोन्महिने बंदर बघत नाही, कारण भर समुद्रात दुसरं थंडगार जहाज येतं, मासा उचलून नेतं. डिझेल आणि तांदूळही तिथेच मिळतो. हे उतरवण्या-चढवण्याचं काम आपण धक्क्याला करतो. तिथे धक्काच नाही. म्हणजे गेट नाही, इन्स्पेक्टर नाही, युनियनचा माणूस नाही. मारलं तर मारलं. २०२० साली अमेरिकेच्या कामगार खात्याने तैवानचा हा मासा वेठबिगारीच्या मालाच्या यादीत घातला.

आणि यादी काढणाऱ्या अमेरिकेचं घर? हवाई. २०१६ साली असोसिएटेड प्रेसने बाहेर काढलं की होनोलुलूच्या बोटींवर सातशेच्या आसपास परदेशी माणसं व्हिसाशिवाय राबतायत. फिलिपिनो त्यांतलेच. अमेरिकेचा नियम असा की मासेमारीच्या बोटीवर पाऊण माणसं अमेरिकन नागरिक पाहिजेत. हवाईच्या या बोटींना सूट. व्हिसा नाही म्हणून धक्क्यावर उतरायचं नाही. पासपोर्ट कप्तानाकडे. काहींच्या हातात तासाला ७० सेंट. त्यांनी धरलेला टुना मात्र ऐटीत उतरतो, लिलावात जातो, महागड्या हॉटेलात जातो. च्यायला, माशाला व्हिसा लागत नाही!

ब्रिटनची तऱ्हा आणखी बेरकी. स्कॉटलंडच्या, उत्तर आयर्लंडच्या बोटींवर फिलिपिनो माणूस येतो तो 'ट्रान्झिट' व्हिसावर. म्हणजे हा इथे आलेलाच नाही, फक्त इथून बाहेर चाललाय. काम १२ सागरी मैलांपलीकडे करायचं. बोट तर घडीघडी बंदरात येते. मग हा राहतो कुठे? बोटीतच.

आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं. यांच्यासाठी गावकूस पाण्यात घातलंय. आणि दूर कशाला जाता, रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. त्यांच्याशी आपल्यातलं कोण कधी जाऊन बोललंय?

१ ऑक्टोबर २०१९. तैवानचं नानफांगआओ बंदर. आदल्या रात्री वादळ येऊन गेलेलं. सकाळी साडेनऊला बंदरावरचा कमानीचा पूल कोसळला, खाली बांधलेल्या मासेमारी बोटींवर. सहा माणसं मेली. तीन फिलिपिन्सची, तीन इंडोनेशियाची. पुलाच्या पोलादी तारा गंजलेल्या होत्या, हे चौकशीत निघालं. कामाची वेळ नसताना ही माणसं पुलाखाली बोटीत काय करत होती, याला चौकशी लागत नाही. तेच त्यांचं घर होतं.

पण याच बंदराची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. मे २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या तटरक्षकांनी तैवानच्या एका बोटीवर गोळ्या झाडल्या. एक म्हातारा तैवानी मच्छीमार मेला. तोही मच्छीमारच. राग निघाला तैवानमधल्या गरीब फिलिपिनो कामगारांवर. मारहाण झाली. नवी भरती काही महिने बंद केली. आणि त्याच २०१३ साली नानफांगआओच्या फिलिपिनो मच्छीमारांनी स्वतःची युनियन काढली, यीलान जिल्ह्याची. तैवानमधली परदेशी कामगारांची पहिली युनियन. परदेशी माणसाला युनियनचा पदाधिकारी व्हायची मुभाच तिथे २०११ मध्ये मिळाली होती. हे किनाऱ्याजवळच्या बोटींवरचे लोक. अधूनमधून जमिनीवर येणारे. चार माणसांना एकत्र बसायला जमीन मिळाली आणि युनियन झाली. मालक, दलाल आणि व्हिसाचे साहेब यांना जमिनीवर उतरू का देत नाहीत, ते आता लक्षात आलं असेल.

दूर समुद्रातल्यांना तेवढीही जमीन नाही. त्यांच्यासाठी तिथल्या कामगार संघटना २०२३ पासून एक मागणी लावून धरतायत. बोटीवर वाय-फाय द्या. आपल्याला हसू येईल, पोरांना सिनेमे बघायचेत म्हणून. पण पगार अडकला, कोणी आजारी पडला, कप्तानाने डोकं फोडलं, तर सांगायचं कोणाला? आणि ते दहा महिन्यांनी बंदर दिसल्यावर? मागितलंय ते एवढंच, घरी लागेल आणि युनियनला लागेल असा फोन.