चार महिन्यांसाठी बाहेर जाणं



आम्ही पॉलिटेक्निकची पदविका घेऊन सरकारी नोकरीला लागलेली माणसं. संशोधनावर आम्ही बोलावं हे जरा जास्तच. पण आमच्या घरी एक गोष्ट घडली, ती बाप्पासमोर सांगून टाकावी म्हणून उभे राहिलो.

आमची पुतणी नागपूरला पीएच.डी. करते. विषय आपल्याच बागांतला, संत्र्यावरचा ग्रीनिंग रोग. पानं पिवळी पडतात, फळ लहान नि वाकडं राहतं, झाड खंगत जातं. सायला कीड तो पसरवते. पांढुर्णा-सौंसरच्या बागाईतदाराला हे सांगायला नको. पण हाच रोग २००४ साली ब्राझीलमध्ये आणि २००५ साली अमेरिकेच्या फ्लोरिडात सापडला, नि तिथल्याही बागा बसल्या. त्यामुळे तिकडची विद्यापीठं यावर जोरात काम करतात. त्यांतल्या एकाने पुतणीला चार महिन्यांसाठी बोलावलं. पदवी इथलीच, मार्गदर्शक इथलेच. तिकडची यंत्रं वापरायची, तिकडच्या लोकांबरोबर काम करायचं आणि शोधनिबंध दोन्हीकडच्या नावाने छापायचा.

घरात पहिला प्रश्न आम्हीच केला, "मग लग्नाचं काय?" दुसराही आमचाच, "तिकडेच राहिली तर?" पासपोर्टचा अर्ज आज-उद्या करता करता राहिला आणि मुदत निघून गेली. पोरगी काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

नंतर कमला भागवतांविषयी वाचनात आलं. दुर्गाबाई भागवत आपल्याला ठाऊक आहेत, या त्यांच्या धाकट्या बहीण. जन्म १९११चा, इंदूरचा, म्हणजे आपल्याच राज्यातला. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. बाई हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहू या अटीवर घेतलं. तिथे त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३७ साली शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. तिथे आधी डेरेक रिक्टर, मग रॉबिन हिल यांच्याबरोबर काम. बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं त्यांनी दाखवलं. १९३९ साली पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा चाळीस पानांचा. (आमच्या खात्यात एखादी फाईल याहून जाड होते नि निर्णय होत नाही.)

आणि त्या त्याच साली परत आल्या. दिल्ली, कुन्नूर, मग मुंबई. पुढे कमला सोहोनी या नावाने त्यांनी गरिबाच्या ताटातल्या पदार्थांवर, नीरेवर काम केलं. नीरेच्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला.

आज फुलब्राइट-नेहरूसारख्या शिष्यवृत्त्या आहेत. भारतात पीएच.डी. चालू असतानाच त्या मुलांना काही महिने अमेरिकेला नेतात, विमानाचं भाडंही देतात. अडतं ते त्याआधीच्या खर्चाला : पासपोर्ट, कागदपत्रं, नागपूर-मुंबईच्या चकरा. विसर्जनाच्या डीजेतून थोडं वाचवून मंडळाने हा खर्च बिनव्याजी द्यावा, अशी आमची विनंती आहे. पहिली वर्गणी आम्ही आजच खजिनदारांकडे दिली.

पुतणीने यंदा पुन्हा अर्ज केलाय. पासपोर्टच्या पडताळणीसाठी पोलीस घरी आले, तेव्हा चहा आम्ही स्वतः ठेवला.