साथ येण्यापूर्वीचा हिशेब : स्थानिक आरोग्य विभागांची सज्जता

(जयपूरच्या राजा पार्क परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



फाळणीनंतर निर्वासित कुटुंबांनी वसवलेल्या या वस्तीत आज आपण बसलो आहोत. येथून काही किलोमीटरवर शास्त्रीनगर हा भाग आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तेथे झिका विषाणूचा रुग्ण आढळला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढील काही आठवड्यांत राजस्थानातील रुग्णांची संख्या १५० च्या वर गेली आणि त्यांतील बहुतांश जयपूरचे होते. त्यापूर्वी गुजरात व तमिळनाडूत मोजकेच रुग्ण नोंदले गेले होते. त्यामुळे देशातील झिकाचा पहिला मोठा उद्रेक म्हणून जयपूरचे नाव घ्यावे लागते.

आजच्या विषयाचा प्रारंभ मी येथूनच करतो. आरोग्यविषयक आणीबाणीची बातमी दिल्लीत वा जिनिव्हात होते, परंतु आणीबाणी घडते ती एखाद्या गल्लीत. तिच्याशी पहिला सामना होतो तो नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकाचा, आशा कार्यकर्तीचा आणि परिचारिकेचा.

कूलरमधील पाणी

झिकाचा प्रसार प्रामुख्याने एडिस जातीच्या डासामार्फत होतो. डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा डासही हाच. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जयपूरच्या छताछतांवर आणि खिडक्याखिडक्यांत कूलर आहेत. पावसाळा सरता सरता ते बंद होतात, पण त्यांतील पाणी तसेच राहते. पाण्याच्या टंचाईमुळे घरोघरी टाक्याही भरून ठेवाव्या लागतात. अंडी ते डास हा प्रवास अनुकूल हवामानात साधारण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होतो. आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून घासून कोरडे करावे, या साध्या सूचनेमागे हे जीवशास्त्र आहे.

झिकाच्या बहुतांश रुग्णांत लक्षणे दिसत नाहीत किंवा अगदी सौम्य असतात. मात्र गर्भवतीला संसर्ग झाल्यास बाळाच्या मेंदूची वाढ खुंटण्याचा धोका असतो. या रोगावर आजही विशिष्ट औषध नाही, मान्यताप्राप्त लसही नाही. म्हणजे रुग्णालय कितीही सुसज्ज असले तरी खरी लढाई दारोदारीच लढावी लागते. २०१८ मध्ये येथे तेच करावे लागले. घरोघर सर्वेक्षण, अळ्यांची ठिकाणे नष्ट करणे, धूरफवारणी आणि गर्भवतींची स्वतंत्र देखरेख अशी ती मोहीम होती. २०२१ च्या जुलैमध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर येथे महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण आढळला आणि २०२४ मध्ये खुद्द पुणे शहरात अनेक रुग्ण नोंदले गेले. तेथेही मार्ग हाच होता.

सज्जतेचे अर्थशास्त्र

आता मी माझ्या विषयाकडे वळतो. एक कल्पित उदाहरण घ्या. एखाद्या शहरात मोठी साथ येण्याची शक्यता दरवर्षी दहात एक आहे. सज्जता नसेल तर साथीमुळे ४ कोटी रुपयांचे नुकसान होते आणि सज्जता असेल तर १ कोटीचे. म्हणजे साथ आली तर सज्जतेमुळे ३ कोटी वाचतात. त्याला दहात एक या शक्यतेने गुणले असता वर्षाकाठी सरासरी ३० लाखांचा लाभ होतो. सज्जतेवरील वार्षिक खर्च २० लाख धरला तरी व्यवहार फायद्याचा आहे.

पण अंदाजपत्रक सरासरीवर मंजूर होत नाही, ते गेल्या वर्षाच्या अनुभवावर मंजूर होते. दहापैकी नऊ वर्षे साथ येणारच नाही. त्या नऊही वर्षी लेखापरीक्षक विचारील, हे २० लाख कशासाठी खर्च झाले? एका नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर सल्ला देण्यासाठी मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. कीटकशास्त्रीय पाहणीच्या तरतुदीवर लाल रेघ मारताना तेथील सदस्य म्हणाले, ‘‘यंदा डेंग्यू झालाच नाही, मग हा खर्च कशाला?’’ माझ्याजवळ बसलेल्या वयस्क आरोग्य निरीक्षकांनी हलक्या आवाजात उत्तर दिले, ‘‘साहेब, खर्च केला म्हणूनच झाला नाही.’’ ते उत्तर इतिवृत्तात नोंदले गेले नाही. मीही त्या वेळी ते मोठ्याने बोललो नाही, याची खंत मला आजही आहे. सज्जतेचे यश अदृश्य असते आणि अदृश्य यशाला वकील लागतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सज्जता हे सार्वजनिक हिताचे साधन आहे. माझ्या घरातील कूलर मी कोरडा केला तर त्याचा लाभ शेजाऱ्यालाही मिळतो आणि शेजाऱ्याने हयगय केली तर शिक्षा मलाही होते. त्यामुळे ही सेवा बाजाराच्या भरवशावर सोडता येत नाही. अग्निशमन दलाचा बंब आग नसताना उभा असतो, म्हणून त्याला कोणी निरुपयोगी म्हणत नाही. हाच न्याय आरोग्य विभागाला लावला पाहिजे.

जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा राज्यसूचीतील विषय आहे, तर संसर्गजन्य रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा प्रसार रोखणे हा समवर्ती सूचीत आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत आणि ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अनुक्रमे पंचायती व नगरपालिकांच्या विषयांत आरोग्याचा समावेश झाला. कार्य खाली आले, पण निधी आणि कर्मचारी त्या प्रमाणात आले नाहीत, हा आपल्या विकेंद्रीकरणातील जुना पेच आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांच्या अनुदानाची शिफारस केली, ती या दृष्टीने महत्त्वाची होती. तथापि पाच वर्षांच्या अनुदानावर पंचवीस वर्षे टिकणारी कर्मचारीव्यवस्था उभी राहत नाही. त्यासाठी स्थानिक संस्थांच्या नियमित अंदाजपत्रकात स्थान लागते.

माहितीचा प्रश्नही असाच आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात उपकेंद्रातील परिचारिका संशयित रुग्णांची, डॉक्टर संभाव्य निदानाची आणि प्रयोगशाळा निश्चित निदानाची माहिती कळवीत असे. २०२१ पासून हे काम संगणकीय एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर आले. यंत्रणा बदलली तरी तिचा पाया तोच राहिला. उपकेंद्रात तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा वाढले आहेत, हे कोणीतरी वेळीच लिहिले पाहिजे. परिचारिकेचे पद रिक्त असेल तर संगणकावर शून्य दिसते आणि त्या शून्याचा अर्थ ‘रोग नाही’ असा लावला जातो.

इतिहासाचे दोन धडे

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि लवकरच ती पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. २०२० मध्ये सुधारणा होऊन तो आजही लागू आहे. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांनी सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या. लोकांनी रुग्ण लपवले, संताप वाढला आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर पुत्राच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात रुग्णसेवा करीत होत्या. ती करतानाच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एका बाजूला कायद्याचा धाक होता, दुसऱ्या बाजूला आपुलकी होती. रुग्ण स्वतःहून कोणाकडे गेले असतील, हे सांगण्याची गरज नाही. विश्वास हाही सज्जतेचाच भाग आहे आणि तो साथीच्या दिवशी विकत मिळत नाही.

दुसरा धडा सुरतचा. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगच्या बातमीने लाखो लोक शहर सोडून गेले. व्यापार, निर्यात, पर्यटन यांना देशभर फटका बसला. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकार विभागवार वाटून दिले आणि अधिकाऱ्यांना रोज प्रत्यक्ष फिरून पाहणी करण्यास भाग पाडले. कचरा, सांडपाणी आणि रोगनोंदणी यांकडे एकत्र पाहिले गेले. काही वर्षांत सुरतची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. साधने बव्हंशी जुनीच होती, कामाची शिस्त मात्र नवी होती.

काय करता येईल?

प्रत्येक स्थानिक आरोग्य विभागाने किमान चार गोष्टी कराव्यात. पहिली, साथ नसतानाही टिकणारा, अन्यत्र न वळवता येणारा छोटा राखीव निधी. दुसरी, कीटकशास्त्रीय पाहणीची आणि रोगनोंदणीची पदे रिक्त न ठेवण्याचे बंधन. तिसरी, खाजगी दवाखाने, प्रयोगशाळा व औषध विक्रेते यांच्याशी आधीच ठरवलेली माहितीची देवाणघेवाण. चौथी, वर्षातून एकदा रंगीत तालीम. कोणाला कोणी दूरध्वनी करायचा आणि सर्वेक्षण पथके कोठून निघायची, हे तालमीत उघड होते. चुका तालमीत झाल्या तर स्वस्तात सुटतात.

मित्रहो, उत्तरपत्रिकेत आपण अनुसूची, कलमे आणि वर्षे लिहाल, ती लिहिलीच पाहिजेत. पण आपल्यापैकी काहीजण उद्या एखाद्या नगरपालिकेचे मुख्याधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी होतील. साथ न आलेल्या एखाद्या शांत वर्षी सज्जतेच्या तरतुदीवर लाल रेघ मारण्यासाठी कोणीतरी लेखणी उचलील. त्या क्षणी दहापैकी नऊ वर्षांचा हा हिशेब आठवा आणि त्या आरोग्य निरीक्षकाचे वाक्य मोठ्याने उच्चारा. ते इतिवृत्तात नोंदले जाईल, हेही पाहा.